कड्याचं दुसरं उत्तर

पैज लागली तेव्हा कोर्बिनियनच्या मिशीला गोड मोहरी लागलेली होती, आणि मिशीला मोहरी लागलेल्या माणसाचं बोलणं कुणी मनावर घेत नाही, म्हणून मीही घेतलं नाही. रविवारची चर्चमधली प्रार्थना आटपून आम्ही नेहमीसारखे आफ्राच्या खानावळीच्या अंगणात बसलो होतो, पुढ्यात पांढरे सॉसेज आणि बिअर. कोर्बिनियन म्हणजे माझा शेजारी. त्याच्या गाई माझ्या कुंपणातून मान घालून माझ्या बायकोची फुलं खातात, मी दरवर्षी त्याला काहीतरी अद्दल घडवतो, असं आमचं कित्येक वर्षं झकास चाललंय. एकदा मी त्याचा शेणखताचा ढीग रातोरात फुलांच्या माळांनी सजवून वर क्रूस लावला होता, आणि सकाळी दोन म्हाताऱ्या बायका तिथं गुडघे टेकून बसलेल्या त्याला सापडल्या. तर हा कोर्बिनियन सॉसेजची साल सोलता सोलता सहज म्हणाला, की यंदा कडा एकदाच बोलतोय. मी म्हटलं, कडा दोनदा बोलतो, माझ्या बापाच्या वेळीही दोनदाच बोलायचा. तो म्हणाला, वसंतात ती एवढी मोठी शिळा निखळून पडली, तिच्याबरोबर दुसरं उत्तर गेलं. मग मी म्हटलं लाव पैज, आणि त्यानं लावली. जो हरेल त्यानं पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर बायकांचा सणाचा झगा घालायचा, जिंकलेल्याला शेणाच्या एकचाकी हातगाडीत बसवायचं आणि चौकाला फेरी मारायची. कोर्बिनियनचं लग्नच झालेलं नाही, त्यामुळे कोणीही हरलं तरी झगा माझ्या बुर्गीचाच. पंच आफ्रा, तिनं शनिवारी पाहुण्यांच्या बोटीत बसून कडा ऐकायचा. तिला हसताना कोणी पाहिलेलं नाही, म्हणून तिच्यावर सगळ्यांचा विश्वास. तिनं एकच अडचण सांगितली, की ती जन्मात कधी त्या बोटीत बसलेली नाही. त्यात नवल काही नाही. आमच्या गावात कोणीच बसत नाही. ते सगळं पाहुण्यांसाठी.

कडा बोलतो म्हणजे काय ते सांगतो. आमचं राबेनसे तळं लांबट आहे, दोन्ही बाजूंना डोंगर सरळ पाण्यात उतरलेले, आणि पलीकडच्या टोकाला लाल घुमटांचं संत कोलोमानचं जुनं चर्च. बोटी विजेवर चालतात, आवाज न करता. मध्यावर कड्याखाली आलं की बोट चालवणारा इग्नाझ मोटर बंद करतो, मी उठून उभा राहतो आणि ट्रंपेटवर आजोबांच्या वेळची एक साधी चाल वाजवतो, अर्धी. कडा ती अर्धी जशीच्या तशी परत देतो, जवळून, मोठ्यानं. मग थोडं थांबायचं. मागच्या घळीतून तीच चाल पुन्हा येते, बारीक, दुरून, जणू कोणी पाठ फिरवून निघून जाताना गुणगुणतंय. कुठकुठले लोक या दुसऱ्या उत्तरासाठी येतात. वाजवण्याआधी मी त्यांना सांगतो, की वर माझा मेहुणा बसलाय, तो वाजवून परत पाठवतो, त्याला पाच पोरं आहेत, तेव्हा उतरताना टोपीत त्याच्याही नावानं काही टाका. हसतात आणि टाकतात. सोमवारी पहिल्या फेरीलाही मी मेहुण्याचं सांगितलं, लोक हसले, मी वाजवलं. पहिलं उत्तर आलं. मी नेहमीइतका थांबलो. दुसरं आलं. मी फळीवर बूट आपटला, तो आवाज ऐकून इग्नाझनं मोटर सुरू केली, टाळ्या झाल्या. दुसरं आलं होतं ना? मी नीट आठवून बघायला लागलो. चाल आठवत होती. पण ती चाल मला झोपेतही आठवते. वरून आली होती की माझ्यातूनच निघाली होती, याचा काही पत्ता लागेना. इतकी वर्षं एकच गोष्ट ऐकल्यावर माणूस ती कानानं ऐकतो की सवयीनं, हे कधी कोणी विचारलंय का? मला तरी कोणी विचारलं नव्हतं. कोर्बिनियननं विचारलं, तेही मिशीला मोहरी लावून.

त्या दिवसापासून माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली ती थांबेना. मी स्वतः आयुष्यभर लोकांना फसवत आलो. शेजारच्या गावानं मे महिन्यात उभारायचा सजवलेला खांब आम्ही पळवला आणि बिअरची पिंपं घेऊन परत दिला, त्या टोळीचा म्होरक्या मी. त्यामुळे दुसऱ्याच्या डावाचा मला लांबून वास येतो. आणि इथं वास येत होता. कोर्बिनियनची गाईंची वरची कुरणं बरोब्बर कड्यासमोर आहेत. सगळा उन्हाळा, दर बोटीला, तो तिथं बसून कडा ऐकतो. कडा एकदा बोलतो की दोनदा, हे सगळ्या खोऱ्यात त्याच्याइतकं पक्कं कोणालाच माहीत नाही. मग ज्याला उत्तर माहीत आहे तो पैज लावतो ती जिंकायलाच. म्हणजे दुसरं उत्तर खरंच गेलं. असं धरलं तर ठीक होतं, मी झगा घालायला तयार होतो, माझे पाय बुर्गीपेक्षा चांगले आहेत. पण मग सोमवारी मी जे दुसरं ऐकलं ते काय होतं? आणि दुसरं उत्तर जागेवर असेल आणि मलाच ऐकू येत नसेल, तर? हा विचार आला तेव्हा मी हातातला पाव खाली ठेवला. हिवाळ्याच्या आधी आम्हा बोटवाल्यांची डॉक्टरकडून तपासणी होते. आतापर्यंत मी तिथंही थट्टा करून वेळ मारून नेली. तळ्यावर धुकं उतरतं तेव्हा समोरची बोट दिसत नाही, तिचा भोंगा ऐकावा लागतो. बहिऱ्या माणसाला तळ्यावर ठेवत नाहीत, आणि ठेवूही नये, हे मला कळतं. त्याला तिकिटाच्या खिडकीत बसवतात, काचेच्या मागं, किंवा निवृत्तीचं घड्याळ देऊन घरी पाठवतात. ट्रंपेट नसलेला क्विरिन म्हणजे नुसता एक वात्रट म्हातारा. गावात वात्रट माणसाला किंमत असते ती तो काहीतरी करतो म्हणून.

मग मी हिशेब मांडायला लागलो आणि प्रत्येक हिशेब वाकडा निघाला. यंदा गवतातले किडे किरकिरत नाहीत असं मी सगळ्यांना सांगत होतो आणि कोर्बिनियनच्या औषधफवारणीला शिव्या देत होतो. त्यावर कोणी काही बोलायचं नाही. तेव्हा मला वाटलं, लोकांना पटतंय. बुर्गी स्वयंपाकघरात फोनवर बोलत असते आणि मी आत गेलो की बोलणं थांबतं. किंवा थांबत नसेलही, तीच हळू बोलत असेल. आफ्राच्या अंगणात सगळे हसले की मी हसतो, सगळ्यांत मोठ्यानं, आणि विनोद काय होता ते रात्री बुर्गीकडून काढून घेतो, असं की जणू तिलाच तो कळलाय का ते बघतोय. हे कधीपासून? गेलं वर्षभर तरी. वर्षभरात मी कोणाला 'काय म्हणालास' असं एकदाही विचारलेलं नाही. मान डोलावतो. मान डोलावण्यात मी इतका तरबेज झालो की एकदा इग्नाझ त्याच्या आईच्या आजारपणाबद्दल बोलत असताना मी हसून मान डोलावली होती, आणि तो विचित्र बघत राहिला होता. म्हणजे इग्नाझला माहीत. बुर्गीला माहीत. बुर्गीनं कोर्बिनियनला सांगितलं असणार, कुंपणावरून, फुलांच्या निमित्तानं. मग ही पैज म्हणजे माझी परीक्षा आहे, आणि सगळं गाव बोटीतल्या फळ्यांवर बसून ती बघणार आहे. मी पाहुण्यांना विचारून बघितलं. एका हॉलंडच्या बाईनं चार उत्तरं ऐकली होती. तिच्या नवऱ्याच्या मते कड्यात यंत्र बसवलेलं आहे. एका वियेन्नाच्या गृहस्थानं मला विचारलं, तुम्हाला किती हवीत? पाहुणे असे. त्यांनी पैसे मोजलेले असतात, ते ऐकणारच.

गुरुवारी माझी सुट्टी होती. मी जन्मात केलं नव्हतं ते केलं. उन्हाची टोपी डोळ्यांवर ओढली, खिडकीतल्या पोरीला ओळख पटू नये म्हणून उत्तरेकडच्यांसारखा नाकातून बोललो, आणि स्वतःच्याच तळ्याचं तिकीट काढून दुसऱ्या एका बोटीत पाहुण्यांमध्ये जाऊन बसलो. आधी पलीकडच्या चर्चला उतरलो. तिथं एक शहरी बाई लोकांना माहिती देत होती. दारातलं भोक दाखवून ती म्हणाली, हे नेपोलियनच्या शिपायाच्या गोळीचं. ते भोक आमच्या नळवाल्यानं चुकून पाडलेलं. नेपोलियनचा शिपाई मी गोष्टीत घातला, एका पावसाळी दुपारी, वेळ जात नव्हता म्हणून. पुढं ती म्हणाली, संताच्या पुतळ्याचं नाक झिजलंय ते लग्न न जमलेल्या मुली हात लावतात म्हणून. तेही माझंच. लोक रांगेत उभे राहून नाकाला हात लावत होते, आणि नाक खरंच झिजलेलं होतं, मी सांगितलं तेव्हा नव्हतं. चर्चमागच्या डोंगराच्या पायथ्याला बर्फाची गुहा आहे, उन्हाळ्यातही गार वारा सोडते, तिथं तर मी एक राजकन्या गाडून ठेवलेली आहे, तिच्यासाठी कोणीतरी ताजं फूल ठेवलं होतं. एरवी मी पोट धरून हसलो असतो. पण त्या दिवशी मला गुहेच्या तोंडाशी उभं असताना थंडीच वाजली. या सगळ्या तळ्यावर जिकडे बघावं तिकडे मीच. मी सांगितलेलं लोकांना दिसतं, लोकांना दिसलं की ते असतं. एकच गोष्ट मी बनवलेली नव्हती, ती कड्याचं दुसरं उत्तर. आणि आता तीही मीच बनवतोय का, हे मला ठरवता येत नव्हतं. परतीच्या बोटीत तिथल्या वादकानं कड्याखाली चाल वाजवली. बरा वाजवतो, शेवटचा सूर जरा ढकलतो. पहिलं उत्तर आलं, स्वच्छ आलं. मग मी कान सोडून दिले आणि डोळे उघडे ठेवले. समोर एक म्हातारी बसली होती, निळ्या स्वेटरची. पहिलं उत्तर संपलं तरी तिनं हात मांडीवरून उचलले नाहीत. तिची मान हळूच घळीकडे वळली. तोंड थोडं उघडलं. आणि मग तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं, लहान पोराला झोपेत हसताना बघितल्यावर येतं ना, तसं. ते येऊन गेलं, मग तिनं टाळ्या वाजवल्या. मला पाण्याचा चुबुकचुबुक आवाजही आला नाही. खरं सांगतो, मला त्या म्हातारीचा इतका राग आला की तिची पर्स तळ्यात टाकावीशी वाटली.

तरीही संशयी माणसाला पळवाट सापडतेच. मी म्हटलं, म्हातारी आहे, तिला चार ऐकू येत असतील. म्हटलं, कोर्बिनियन एकदा म्हणतो, त्याला काय कमी माहीत आहे? त्याच्या त्या मोहरीवाल्या मिशीला मी लटकून राहिलो. कोर्बिनियन जिंकावा, कडा मुका झालेला असावा, मी हरावं, असं मी मनातून म्हणायला लागलो. पैजेत हरायला इतका उतावीळ झालेला माणूस आमच्या खोऱ्यात पहिल्यांदाच असेल. शुक्रवारी संध्याकाळी घरी आलो तर बुर्गी शिवणाच्या मशीनवर बसलेली. दार माझ्या पाठीमागं लागलं तरी तिनं वर बघितलं नाही, तिला मशीनमुळे ऐकू आलं नसावं. क्षणभर बरं वाटलं, की घरात दोघंही बहिरे. तिच्या मांडीवर तो सणाचा हिरवा झगा होता. तिनं बाजूच्या दोन्ही शिवणी उसवल्या होत्या आणि मध्ये रुंद पट्ट्या घालत होती, वीतभर तरी एकेक. मी उभा राहून बघत राहिलो. बुर्गी काटकुळी. मी तिच्याहून काटकुळा, तिचा झगा मला आहे तसा बसतो, कार्निव्हलला घालून झालेला आहे. वीतभर पट्ट्या लागतात त्या एकाच माणसाला, आणि तो माणूस गाईंइतकंच खातो. म्हणजे झगा कोर्बिनियन घालणार होता. शनिवारची बोट अजून सुटायची होती, आफ्रानं अजून कान लावायचे होते, आणि माझ्या घरात कोर्बिनियन हरलेला होता. त्याला माहीत होतं की कडा दोनदा बोलतो. त्यानं हरायलाच पैज लावली होती. का, ते कळायला मला फार वेळ लागला नाही. एवढं तरी डोकं आहे. समोर येऊन 'क्विरिन, तुझे कान गेलेत' असं सांगायची त्या बैलाची हिंमत नव्हती. म्हणून त्यानं मला कड्यासमोर उभं करायचं ठरवलं, म्हणजे माझं मला कळेल, आणि गावासमोर जिंकलेला मी, हातगाडीत बसून, सगळे हसत असताना, ते गुपचूप गिळून टाकीन. डाव चांगला होता. मी त्याला इतका चांगला डाव जमेल असं कधी समजत नव्हतो. बुर्गीनं वर बघितलं, मला बघितलं, आणि झगा झाकला नाही. तिनं दोरा दातानं तोडला आणि पुढची शिवण घेतली. मी वर जाऊन बिछान्यावर बूट न काढता पडलो. मला आयुष्यात लोकांनी फसवलंय, ते मी हसून सोसलंय, पण दया करून कोणी जिंकू दिलं, हे नव्हतं झालं कधी. ते पोटात जाईना.

शनिवारी शेवटची फेरी आटपल्यावर आफ्रानं एप्रन काढला आणि बोटीत चढली, काठाला घट्ट धरून, जणू बोट तिला न विचारता निघेल. मागून बुर्गी, कोर्बिनियन, आणि गावातले पंधरावीस रिकामटेकडे. इग्नाझ नेहमीसारखा आमच्याकडे पाठ करून सुकाणूवर. मेहुण्याची गोष्ट मी सांगितली नाही, आणि कोणी मागितलीही नाही. कड्याखाली मोटर थांबली. वर निखळलेल्या शिळेची जागा पांढरी दिसत होती, दात पडल्यासारखी. मी वाजवलं. इतकं बरं मी बऱ्याच वर्षांत वाजवलं नव्हतं, ओठ असे लागले होते की सूर आपणहून जात होते. पहिलं उत्तर आलं, माझ्याइतकंच बरं. मग मी कड्याकडे बघितलं नाही. कोर्बिनियन बुटांकडे बघत होता. बुर्गी माझ्याकडे. बाकी सगळ्यांच्या माना घळीकडे वळल्या, तिथं थांबल्या, आणि मग एकदम सैल झाल्या. ते होतं दुसरं उत्तर. मी ते बघितलं. गावच्या लोकांनी जन्मात पहिल्यांदा आपलाच कडा इतक्या जवळून ऐकला होता आणि कोणाला टाळ्या वाजवायचं सुचत नव्हतं. आफ्राचा हात वर यायला लागला, त्याची दोन बोटं उघडत होती, तेवढ्यात मी म्हणालो, "एकदाच. मी हरलो."

इग्नाझनं मान वळवून मागं बघितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आफ्रा मला अगदी सावकाश, एकेक शब्द वेगळा करून म्हणाली, की कडा दोनदा बोलला.

"बोलला असेल," मी म्हटलं. "मला एकदाच ऐकू आला."

कोर्बिनियन लालबुंद झाला. तो उठला तशी बोट कलली. "असं चालत नाही, लेका. पैज कड्यावर लागली होती, तुझ्या कानावर नाही. मी हरलोय."

मी म्हटलं, मी आधी हरलोय. तो म्हणाला, झगासुद्धा तयार आहे. मी म्हटलं, तेच तर, तुला कसं रे ठाऊक होतं? त्यावर तो खाली बसला. मग सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली आणि त्यातलं मला काहीच कळेना, नुसता गलका, पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवल्यासारखा, आणि मी मान डोलावली नाही. आफ्रानं निकाल दिला, की तिला बिअरची पिंपं बदलायची आहेत, तेव्हा जो गावासमोर उभा राहून हरलो म्हणतो तोच हरला. उतरताना बुर्गी माझ्या बाजूला आली आणि तळ्याकडे बघत काहीतरी बोलली. मी थांबलो. "काय म्हणालीस?" मी विचारलं. ते तोंडातून काढायला मला वर्ष लागलं, आणि निघालं तेव्हा अगदी साधं निघालं, मीठ दे म्हणावं तसं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, वर बघून. "म्हटलं, झगा आता पुन्हा आत घ्यावा लागेल." मी म्हटलं, राहू दे.

म्हणून रविवारी मी तो तसाच घातला. दोन्ही बाजूंनी वीतवीतभर मोकळा, आत वारा शिरून फुगत होता. चर्च सुटलं, चौक भरलेला. कोर्बिनियननं हातगाडी धुऊन आणली होती, हा एक घोर अपमान, मी ती शेणासकट येईल असं धरून चाललो होतो. आमच्या बोटींच्या व्यवस्थापक बाई कारंज्यापाशी उभ्या होत्या. त्यांना कळलेलं होतं, आमच्या गावात शनिवारचं रविवारपर्यंत राहत नाही. त्या हसल्या नाहीत. त्यांनी बोटानं 'उद्या' अशी खूण केली आणि ऑफिसच्या दिशेनं मान केली, मी होय म्हणून झग्याचा घोळ धरून वाकलो, तेव्हा मात्र त्यांना हसू आवरेना. मग मी दांडे उचलले. हातगाडीत बसणारा पुढं तोंड करून बसतो, लोकांना हात हलवायला. कोर्बिनियन चढला आणि उलटा बसला, माझ्याकडे तोंड करून, गुडघे छातीशी घेऊन, त्याचा तो प्रचंड चेहरा माझ्यापासून हातभर. मी ढकलायला लागलो. दगडी चौकावर चाक थडथडत होतं, ते मला हातातून कळत होतं. तो बोलायला लागला. सावकाश, ओठ नीट उघडून, की डावीकडे घे, गाढवा, खड्डा आहे, की पाय चांगले आहेत तुझे, की उद्यापासून दुपारी कुरणावर येऊन बसत जा, तिथून पाहुण्यांची तोंडं दिसतात. मला एकूण एक शब्द कळत होता. इतका स्वच्छ कोर्बिनियन मला वर्षभरात कळला नव्हता. लोक दोन्ही बाजूंना हसून लोळत होते, बँडवाले गाल फुगवत होते. आणि अर्ध्या फेरीवर माझ्या मनात आलं, की हा आवाज काढतोय की नुसतं तोंड हलवतोय? त्याच्या जागी मी असतो तर नुसतं तोंडच हलवलं असतं. मी त्याच्या गळ्याकडे बघितलं, तिथं चरबीत काही दिसेना. कोणाला विचारण्यातही अर्थ नव्हता, सगळे त्याचेच. म्हणून चर्चच्या पायऱ्यांसमोर मी गाडी थांबवली, पुढं वाकलो, आणि आवाजाचा कणही न काढता, नुसत्या ओठांनी, त्याला, त्याच्या गाईंना आणि गाईंच्या मागच्या सात पिढ्यांना एक लांबलचक शिवी घातली.

कोर्बिनियननं कानामागं हात धरला आणि विचारलं, "काय?"